रँग्लर परांजपे : कॅनबेराहून पुन्हा विद्यापीठाकडे
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या खानदेशात मुलगा शिकू लागला, की घरची आणि गल्लीतली माणसे एकच प्रश्न विचारतात : हा पुढे साहेब होणार की गुरुजी? साहेब म्हणजे ज्याच्या दाराशी आपण कागद घेऊन उभे राहतो तो. आणि गुरुजी म्हणजे जो आपल्या दाराशी येऊन पोराला शाळेत घेऊन जातो तो. मान दोघांनाही आहे. परंतु साहेबाचा मान निराळा. गुरुजीने पुढेमागे साहेब व्हावे, हे सर्वांना समजते. साहेबाने मात्र पुन्हा गुरुजींच्या अंगणात यावे, ही गोष्ट कुणाच्या गळी उतरत नाही. काहीतरी बिनसले असले पाहिजे, असेच लोक म्हणतात.

म्हणूनच ग्रंथालयात रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या आयुष्यातील सनावळी एकाखाली एक मांडून पाहिली, तेव्हा मी थबकलो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचा उच्चायुक्त होता. आणि ऐंशीव्या वर्षी तो पुणे विद्यापीठाचा कुलगुरू झाला. मंत्रिपद, लंडनमधील सल्लागार मंडळ, परदेशातील राजकीय प्रतिनिधित्व हे सारे पाहून झाल्यावर तो पुन्हा परीक्षा, अभ्यासक्रम आणि पदवीदान यांच्या जगात आला. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहिण्याचे मी ठरवले.

रँग्लरांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुर्डी या लहानशा गावी झाला. समुद्राजवळचे हे गाव. तेथून इंग्रजी शिक्षणापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. सुदैवाने जवळच्याच मुरुड गावचे, नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ त्यांना भेटले. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना महर्षी म्हटले, तेच. कर्वे मुंबईत कष्टाने शिकत होते आणि शिकवत होते. त्यांनी या हुशार मुलाला मुंबईत आपल्याकडे ठेवून घेतले. एका घरातला एक जण शिकला, की तो आपल्यामागून दुसऱ्याला ओढून नेतो. शिक्षणाची साखळी अशीच पुढे जाते. ज्यांच्या घरात अशी पहिली कडीच नसते, त्यांना तिचे मोल विशेष कळते. मी माझ्या घरातला महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिला. म्हणून परांजप्यांच्या चरित्रात मला प्रथम कर्वे दिसतात, केंब्रिज नंतर दिसते.

१८९१ साली कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. हे महाविद्यालय १८८५ साली टिळक, आगरकर आदी तरुणांच्या त्यागातून उभे राहिलेले. परांजपे तेथेच शिकले. त्या काळात आगरकर तेथे प्राचार्य होते. गोष्ट कितीही जुनी असो, बुद्धीला पटल्याशिवाय ती मानू नये, ही आगरकरांची शिकवण. परांजपे पुढे आयुष्यभर कट्टर बुद्धिवादी राहिले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली स्थापन झालेल्या भारतीय बुद्धिवादी संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. या गोष्टीचे बीज फर्ग्युसनच्या त्या दिवसांत पडले असावे, असे मला वाटते.

पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तेथील गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणत. तिच्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यांना रँग्लर ही पदवी मिळे, आणि त्यांचे क्रमांक जाहीर होत. पहिल्या क्रमांकाचा तो सीनिअर रँग्लर. या परीक्षेत पहिला येणे हा साऱ्या इंग्लंडात बौद्धिक पराक्रम समजला जाई. आनंदमोहन बोस हे १८७४ साली रँग्लर झालेले पहिले भारतीय होते. परंतु पहिला क्रमांक कोणाही भारतीयाला मिळाला नव्हता. १८९९ साली परांजप्यांनी तो एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने मिळवला. त्यांचे वय तेव्हा तेवीस होते.

या यशाचा अर्थ आज आपल्याला नीट समजत नाही. आपण परीक्षेतील क्रमांकांना सरावलो आहोत. पण १८९९ साली हिंदुस्थान पारतंत्र्यात होता. दुष्काळ आणि प्लेग यांनी माणसे हैराण झाली होती. राज्यकर्त्यांची बुद्धीच मुळी आपल्यापेक्षा वरच्या दर्जाची आहे, असे शिकल्यासवरल्या लोकांनाही आतून वाटू लागले होते. अशा वेळी कोकणातल्या एका खेड्यातला मुलगा त्यांच्याच घरी जाऊन, त्यांच्याच परीक्षेत पहिला आला. त्यामुळे रँग्लर हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत गेला आणि त्यांच्या नावालाच जडला.

आता पुढचा प्रसंग माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. काही काळ पॅरिस व गटिंगेन येथे अभ्यास करून, सेंट जॉन्सची फेलोशिप पदरात पाडून घेऊन ते परत आले. सरकारी शिक्षणखात्यात भल्या मोठ्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. त्यांनी ती वाट धरली नाही. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची, आणि पगार महिन्याला पाऊणशे रुपयांच्या आसपास, असा तो सौदा. १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि त्यांनी सुमारे दोन दशके ती धुरा वाहिली. तेवढ्या काळात ते गणितही शिकवीत होते.

याची एक किंमत त्यांनी मोजली, तीही सांगितली पाहिजे. त्यांच्या नावावर गणितातला एखादा मोठा सिद्धांत नाही. त्यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ साली, जी. एच. हार्डी हे त्याच परीक्षेत चौथे आले होते. पुढे हेच हार्डी जगप्रसिद्ध गणिती झाले आणि त्यांनी आपल्या रामानुजनला १९१४ साली केंब्रिजला बोलावून घेतले. पहिला आलेला वर्गात शिकवत राहिला आणि चौथा आलेला संशोधनात अमर झाला. याचे वाईट वाटणारे लोक तेव्हाही असतील, आजही आहेत. मला मात्र त्यात केवळ तोटा दिसत नाही. हार्डींच्या देशात महाविद्यालये शतकानुशतके उभी होती. आपल्याकडे ती उभी करावयाची होती. भिंती उभ्या करणाऱ्याला आत बसून चिंतन करण्यास सवड मिळत नाही.

रँग्लरांचे सारेच वागणे आज आपल्याला पटेल असे नाही. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत पुण्याला विदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. प्राचार्य परांजप्यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. त्याबद्दल त्यांच्यावर कडाडून टीका झाली. परांजपे हे नेमस्त पक्षाचे, गोखल्यांच्या विचारांचे. कायदा, चर्चा आणि शिक्षण यांच्या मार्गाने हळूहळू स्वराज्य येईल, यावर त्यांचा विश्वास होता. देश पेटलेला असताना प्राचार्याने शिस्तीचे पुस्तक उघडावे, हे तरुणांना कसे रुचावे? मला विद्यार्थी म्हणून सावरकरांच्या बाजूला उभे राहावेसे वाटते. तरीही प्राचार्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला महाविद्यालय उद्या चालू राहील की नाही, याचीही काळजी असते, हे मी नाकारू शकत नाही. रँग्लरांवरचा तो डाग आहे असे म्हणणारे म्हणोत. चरित्रकाराने तो झाकू नये, एवढेच मी म्हणेन.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे कुलपती झाले आणि परांजपे पहिले कुलगुरू. ज्या माणसाने लहानपणी शिक्षणाची वाट दाखवली, त्याच्याच कामाला हातभार लावण्याची ही संधी होती. गुरूचे ऋण असे फेडता येते, हे पाहून मन भरून येते. त्यांच्या घरातही या विचाराचा प्रत्यय येतो. त्यांची एकुलती एक कन्या शकुंतला परांजपे केंब्रिजला गणित शिकल्या, पुढे संततिनियमनाच्या कार्यात पडल्या आणि राज्यसभेच्या सदस्य झाल्या. चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे या शकुंतलाबाईंच्या कन्या.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार प्रांतांमध्ये द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती भारतीय मंत्र्यांकडे आणि तिजोरीची किल्ली मात्र गव्हर्नरच्या इंग्रज सल्लागारांकडे, अशी ती विचित्र रचना होती. १९२१ ते १९२३ या काळात परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. ते १९१२ साली फेटाळले गेले. गुरूचे ते अपुरे काम शिष्याने आपल्या इलाख्यापुरते हाती घेतले. १९२३ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. त्यामुळे प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्याकडे गेला आणि त्यांना आपापल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची वाट मोकळी झाली. पैशाअभावी सक्ती फारच थोड्या ठिकाणी आली, हे खरे. परंतु शाळा ही सरकारची मेहेरबानी नसून गावाची जबाबदारी आहे, हा विचार कायद्यात उतरला.

येथे मी माझ्या घराची एक गोष्ट सांगतो. माझी आजी अंगठा उठवते. सही करण्याची वेळ आली, की ती शाईचे बोट पदराला पुसते आणि दुसरीकडे पाहू लागते. आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते. त्या चार इयत्तांच्या जोरावर ते आयुष्यभर कपाशीच्या वजनाची पावती स्वतः वाचत आणि हिशेब तोंडी करत. नाना दहावीपर्यंत पोहोचले. मी महाविद्यालयात आलो. अंगठा, चौथी, दहावी, बी.ए. अशी ही आमच्या घरची चढण आहे. तिच्या एका पायरीखाली १९२३ चा तो कायदा आहे, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आजोबांना रँग्लर परांजपे हे नाव माहीत असण्याचे काही कारण नव्हते. कायदा करणाऱ्याचे नाव कळले नाही तरी शाळा उघडते, आणि तेच त्या कायद्याचे यश म्हणावयाचे.

त्यानंतर परांजपे राज्यकारभाराच्या वर्तुळात अधिकाधिक ओढले गेले. १९२४ साली द्विदल राज्यपद्धतीची चौकशी करणाऱ्या मुडिमन समितीवर ते होते. सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जिना यांच्यासह त्यांनी ही पद्धत मुळातच सदोष असल्याचे अल्पमताच्या अहवालात नोंदवले. १९२७ ते १९३२ ते लंडनला भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळाचे सभासद होते. हे पद म्हणजे त्या काळातील भारतीयाला मिळू शकणाऱ्या उच्च पदांपैकी एक. ते आटोपल्यावर, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, ते कोठे गेले? लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून. बिरबल साहनी, राधाकमल मुखर्जी यांच्यासारखे विद्वान त्या वेळी तेथे शिकवीत होते. १९३८ पर्यंत, सहा वर्षे, परांजपे त्या विद्यापीठाचे काम पाहत होते. म्हणजे राजकारणाच्या दरबारातून विद्येच्या अंगणात परतण्याची ही त्यांची पहिली खेप.

दुसरी खेप याहून विलक्षण आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, त्यांची ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली. ब्रिटिश राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे जो राजदूत पाठवतात, त्याला उच्चायुक्त म्हणतात. परराष्ट्रखात्यात तरुणपणी भरती होऊन पायरी पायरीने चढलेले परांजपे नव्हते. स्वतंत्र भारताची परराष्ट्रसेवा तेव्हा जन्मालाही आली नव्हती. एका अध्यापकाला देशाचा प्रतिनिधी म्हणून पाठवण्यात आले होते, आणि देश तर अजून स्वतंत्र नव्हता.

या कामातली अडचण लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली परदेशी लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा केला होता. गोऱ्यांखेरीज इतरांनी देशात वस्तीला येऊ नये, हा त्याचा हेतू. पण तसे उघड लिहिले नव्हते. त्याऐवजी एक परीक्षा ठेवली होती. बंदरात उतरणाऱ्या माणसाला अधिकारी युरोपातील कोणत्याही भाषेत पन्नास शब्दांचा उतारा श्रुतलेखनासाठी घालू शके. इंग्रजी येणाऱ्याला दुसरीच एखादी भाषा घातली की काम झाले. ती परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी नव्हतीच. नापास करण्यासाठी होती. पुढे १९५८ साली ती रद्द झाली आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे ते धोरण १९७३ पर्यंत पुरते मोडीत निघाले.

जगातील एका अवघड परीक्षेत पहिला आलेला माणूस, जेथे परीक्षा हेच दार बंद करण्याचे हत्यार होते अशा देशात आपल्या लोकांचा प्रतिनिधी म्हणून तीन वर्षे राहिला. मला या घटनेत फार मोठा अर्थ दिसतो. परीक्षा माणसाला वर काढू शकते आणि परीक्षाच माणसाला बाहेर ठेवू शकते. ती कोणाच्या हातात आहे, यावर सारे अवलंबून असते. इंग्रजीच्या एका विषयापायी ज्यांचे शिक्षण दहावीला थांबले, अशी मुले आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना श्रुतलेखनाची ती गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

ऑस्ट्रेलियात त्या वेळी भारतीय मूठभरच होते. १९४० च्या दशकात न्यू साउथ वेल्समधील वूलगूलगा या गावी शीख मंडळी केळीच्या बागांत कामाला लागली आणि पुढे तेथेच स्थिरावली. जळगावच्या वाचकाला केळीच्या बागेचे नाव काढताच तो देश एकदम जवळचा वाटू लागेल! १९४५ च्या अखेरीस सिडनीच्या बंदरात भारतीय खलाशांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याला पाठिंबा म्हणून डच जहाजांवर काम करण्याचे नाकारले. साम्राज्ये कोसळू लागली होती आणि त्याचे आवाज त्या दूरच्या किनाऱ्यावरही ऐकू येत होते. परांजप्यांच्या समवेत कॅनबेराला त्यांची कन्या आणि लहानगी नातही होती. १९४७ साली ते परत आले, तेव्हा त्यांनी एकाहत्तरी गाठली होती. त्याच साली देश स्वतंत्र झाला.

येथे एखादे चरित्र सुखाने संपले असते. नातवंडांत रमावे, आठवणी लिहाव्या, सत्कार घ्यावेत. परंतु १९५६ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर निवृत्त झाले आणि ऐंशी वर्षांच्या परांजप्यांनी ती जागा स्वीकारली. १९५९ पर्यंत ते कुलगुरू होते.

आणि येथे त्यांचे चरित्र आपल्या जिल्ह्यात येऊन पोहोचते. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, तेव्हा त्याच्याशी अवघी अठरा महाविद्यालये संलग्न होती. त्याचे क्षेत्र मात्र बारा जिल्ह्यांचे होते, आणि त्यांत पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश, म्हणजेच पुढचे जळगाव व धुळे, हे दोन्ही जिल्हे होते. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. रँग्लर कुलगुरू असताना या महाविद्यालयांतून जी मुले पदवीधर झाली, ती त्यांच्याच विद्यापीठाची. शेतकऱ्याचा, विणकराचा, मास्तराचा मुलगा जळगावात शिकत होता आणि त्याच्या विद्यापीठाच्या शिरोभागी केंब्रिजचा सीनिअर रँग्लर बसला होता. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, तेव्हा पुण्याकडे पाच जिल्हे उरले. खानदेश त्यांत होता. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि आपण पुण्यापासून वेगळे झालो. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्या माउलीच्या नावाच्या विद्यापीठात आज आम्ही शिकतो. माझ्या आजीला हे मी समजावून सांगितले, तेव्हा तिचा प्रथम विश्वासच बसला नाही.

परदेशात देशाचे प्रतिनिधित्व करून आलेली माणसे विद्यापीठांकडे वळल्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. चीन, इजिप्त व फ्रान्स येथे भारताचे राजदूत राहिलेले सरदार के. एम. पणिक्कर हे पुढे जम्मू-काश्मीर व म्हैसूर येथील विद्यापीठांचे कुलगुरू झाले. १९६९ साली दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ निघाले, त्याचे पहिले कुलगुरू जी. पार्थसारथी हेही राजदूत राहिलेले. के. आर. नारायणन हे तर परराष्ट्रसेवेतलेच. १९७८ साली सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७९ साली ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढे १९९७ साली राष्ट्रपती. केरळातील एका गरीब दलित कुटुंबातून ते आलेले होते. मैलोन् मैल चालत शाळेला जाणारा तो मुलगा होता. त्यांचे चरित्र आमच्यासारख्यांनी स्वतंत्रपणे अभ्यासावे, असेच आहे.

राजदूत विद्यापीठाला काय देतो, याचा मी विचार केला. परक्या देशात गेलेला प्रतिनिधी दोन गोष्टी शिकतो. एक, आपला देश दुसऱ्यांना कसा दिसतो. आणि दुसरी, ज्याच्याशी मतभेद आहेत त्याच्याशीही रोज बोलावे लागते. विद्यापीठालाही या दोन्ही गोष्टी हव्या असतात. आपल्या ज्ञानाकडे बाहेरून पाहण्याची नजर नसेल, तर विद्यापीठ डबके होते. आणि विरोधी मताशी बोलण्याची सवय नसेल, तर तो आखाडा होतो. अर्थात कुलगुरूपद म्हणजे वर्गात खडू घेऊन उभे राहणे नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु परांजपे दोन तपे वर्गात उभे राहिलेले होते. म्हणून त्यांचे हे येणे परक्या अधिकाऱ्याचे येणे नव्हते, माहेरी येणे होते.

या ठिकाणी आपल्या साने गुरुजींची आठवण होणे साहजिक आहे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० साली देशाच्या हाकेसरशी शाळा सोडून तुरुंगात गेले. खानदेशाच्या मनात गुरुजी या शब्दाला जो ओलावा आहे, तो त्यांनी दिलेला आहे. रँग्लरांची वाट त्यांच्या अगदी उलट. ते तुरुंगात गेले नाहीत. इंग्रज सरकारने त्यांना १९४२ साली सर हा किताब दिला. ज्या साली देशातली तरुण मुले छोडो भारतच्या चळवळीत गोळ्या झेलत होती, तेच हे साल. हृदयाने मी साने गुरुजींचाच. तरीही मला वाटते, देशाला दोन्ही प्रकारची माणसे लागली. एकाने पोरांची मने पेटवली, दुसऱ्याने त्यांना बसण्यासाठी वर्ग, अभ्यासक्रम आणि कायदा यांची तजवीज केली. पेटलेले मन घेऊन मुलगा शाळेत गेला आणि शाळाच नसली, तर तो काय करणार?

आता माझ्याविषयी. मला प्राध्यापक व्हायचे आहे, हे मी घरी सांगितले, तेव्हा नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्पर्धा परीक्षेची चौकशी केली. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. दोन एकर कोरडवाहू कपाशी करणाऱ्या माणसाला मुलगा साहेब झालेला हवा असतो, कारण साहेबांनी त्याला आयुष्यभर उभे ठेवलेले असते. शिवाय आज महाविद्यालयांत कायम जागा थोड्या. कितीतरी सुशिक्षित, पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने राबतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची मिळकत थांबते. परांजप्यांनी पाऊणशे रुपयांवर समाधान मानले, त्याला त्याग म्हणतात. ज्याला निवडच नाही, त्याच्या तुटपुंज्या मोबदल्याला त्याग म्हणणे ही थट्टा आहे. थोरांची चरित्रे वाचताना आम्ही हा फरक विसरता कामा नये, आणि ती चरित्रे सांगणाऱ्यांनीही विसरू नये. परांजप्यांच्या पाठीशी कर्वे होते, संस्था होती, केंब्रिजचे नाव होते. आमच्यापाठी नानांची दोन एकर आहे.

तरीही या चरित्रातून मला एक आधार मिळाला. शिकवण्याचे काम हे साहेब होता न आलेल्यांचे काम आहे, हा समज रँग्लरांनी आपल्या आयुष्याने खोटा ठरवला. साहेबीच्या बहुतेक साऱ्या खुर्च्या त्यांना मिळाल्या आणि त्या त्यांनी स्वीकारल्याही. विरक्तीचा आव आणला नाही. पण त्या प्रत्येक खुर्चीवरून उतरल्यावर त्यांचे पाय ज्या दिशेला वळले, ती दिशा एकच होती. माणसाचे खरे घर कोणते, हे त्याला कोठे कोठे बोलावणे आले यावरून कळत नाही. रिकामा झाल्यावर तो कोठे जातो, यावरून कळते. हे मी नानांना सांगितले. त्यांनी परांजप्यांना शेती किती होती, असे विचारले. प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर मला माझ्या आयुष्यानेच द्यावे लागेल.

१९६१ साली रँग्लरांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ‘एटी-फोर नॉट आऊट’ हे त्याचे नाव क्रिकेटवरून घेतलेले आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही खेळपट्टीवर उभे असलेल्या फलंदाजाचा मिश्कील आनंद त्यात आहे. पुढच्याच वर्षी, एकशे चार वर्षांचे होऊन, महर्षी कर्वे गेले. मुर्डीच्या मुलाला मुंबईला नेणारा तो हात निवाला. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, रँग्लर परांजपे यांचे निधन झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर एका पारतंत्र्यातल्या इलाख्याचे महाराष्ट्र राज्य झाले होते आणि महिला विद्यापीठ, पुणे विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ, मराठवाडा विद्यापीठ अशी विद्येची मंदिरे एकेक करून उभी राहिली होती. त्यांतल्या दोहोंचे ते कुलगुरू होते.

मित्रहो, पुढच्या वर्षी आपण पदवीच्या शेवटच्या वर्षात जाऊ. कोणी परीक्षा देऊन साहेब होईल, कोणी व्यापारात पडेल, कोणी शेतीकडे वळेल. ज्याला जे साधेल ते त्याने करावे. मात्र ज्याला जे पद मिळेल, त्या पदावरून परत येताना आपल्या गावच्या शाळेची वाट त्याच्या पायांना ओळखीची असावी. मी तर ती वाट आताच धरणार आहे. तेथवर पोहोचेन की नाही, हे अजून ठरावयाचे आहे.